चुंबकाची पिन

पडदेवाले बोलायचे कमी. गल्लीत सगळे त्यांना पडदेवालेच म्हणत, आणि फोन उचलल्यावर तेही स्वतःची ओळख तशीच करून देत. दारा-खिडक्यांचे पडदे, सोफ्याची कव्हरं, उशांचे अभ्रे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शिलाई मशीन, एक लांब टेबल आणि टेबलापलीकडे एक खुर्ची. त्या खुर्चीत पूर्वी त्यांची बायको बसायची.

बोलणं हे तिचं खातं. गिऱ्हाईक आलं की पडदेवाले गळ्यात टेप अडकवून नुसती मान डोलवायचे आणि ती कापड उलगडायची. कुणाला अस्तर लागेल, कोण नुसतंच कापड चिवडून जाईल, हे तिला माणूस पायरी चढतानाच कळायचं. ती भांडायची, हसवायची, एखाद्याला तोंडावर सांगायची, "हा रंग लावलात तर झोप नाही यायची, पोटात कालवेल." आणि एखादं गिऱ्हाईक अगदीच हटून बसलं, त्याच्याशी डोकं लावण्यात अर्थ नाही असं तिला वाटलं, की ती एकदम गोड व्हायची. म्हणायची, "तुम्ही म्हणाल ते." ते ऐकून पडदेवाले खाली मान घालून हसायचे. तिनं त्या माणसाला मनातून काढून टाकलंय, हे फक्त त्या दोघांना ठाऊक असायचं.

नवऱ्याला मात्र तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ किती, भिंतीला रंग कुठला, मुलीला कुठं शिकायला पाठवायचं, सगळ्यावर तिचं मत होतं आणि ते ती सोडत नसे. भांडण झालं की अबोला. त्यांच्या अबोल्याला नियम होते. ताट वाढायचं, पण आपटून. पडदेवाल्यांनी काही मागायचं तर भिंतीला सांगायचं, "कुणी चहा दिला तर बरं होईल." त्यावर ती डोळे वर छताकडे न्यायची, म्हणजे आता या माणसाला काय म्हणावं. मुलगी लहान असताना मधल्या मधे पोस्टमन व्हायची. "बाबांना सांग, दूध उतू गेलं तरी काहींना ऐकू येत नाही." आणि मग दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या, तीच काहीतरी क्षुल्लक काढून म्हणायची, "अहो, ऐकलंत का?" पडदेवाल्यांनी आधी तोंड उघडलंय, असं कधी झालं नाही. त्यांना तशी सवयच नव्हती.

मग तिची जीभ जड व्हायला लागली. आधी जीभ, मग हात, मग पाय. मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले. डोक्याला काही होणार नाही, म्हणाले. सगळं कळेल, सगळं जाणवेल. हे त्यांनी चांगलं म्हणून सांगितलं की वाईट म्हणून, ते पडदेवाल्यांना अजून कळलेलं नाही.

शेवटी तिचे डोळे तेवढे उरले. परगावी नोकरी करणारी मुलगी सुट्टी काढून आली. तिनं आईला खुणा शिकवल्या, वर बघितलं की हो, खाली बघितलं की नाही. मग आपला जुना लॅपटॉप तिनं पलंगाला लावलेल्या लोखंडी दांड्यावर, आईच्या तोंडासमोर बसवला. त्याच्या खाली नजर ओळखणारी एक पट्टी होती. स्क्रीनवर अक्षरं. एका अक्षरावर नजर रोखून धरली की ते उमटायचं. वाक्य झालं की कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघायचं, मग लॅपटॉप ते मोठ्यानं म्हणायचा. आवाज अनोळखी बाईचा, बँकेत टोकनचा नंबर पुकारतात तसा.

पहिल्या दिवशी पडदेवाले पुढच्या खोलीत होते. आतून कुणी परकी बाई म्हणाली, "अहो." ते दचकून उठले.

"कोण हवंय?" त्यांनी विचारलं.

बराच वेळ काही नाही. मग आतून उत्तर आलं, "नवरा."

अंघोळ घालायला सकाळी मावशी यायच्या, त्या हसून हसून भिंतीला टेकल्या. "दुसरी आणलीत की काय हो घरात?" म्हणाल्या. त्यावर परत बराच वेळ गेला आणि लॅपटॉप म्हणाला, "पहिलीच बरी होती."

तेव्हापासून पडदेवाले त्या आवाजावर कान ठेवून शिवायला शिकले. मशीन थोडं चालवायचं, पाय उचलायचा, कान द्यायचा, परत चालवायचं. "अहो" एकाच सुरात यायचं. पाठ दुखली तरी तेच, माशी बसली तरी तेच, राग आला तरी तेच. भांडणात तर फारच पंचाईत. त्यांचं एक वाक्य झालं की तिच्या उत्तराची वाट बघत उभं राहायचं, आणि तोवर आपला राग निवू द्यायचा नाही. अबोला धरायचीही तिनं युक्ती काढली होती. स्क्रीनच्या कडेला एक चंद्र होता. त्याच्याकडे बघितलं की सगळी स्क्रीन काळी व्हायची, परत बघेपर्यंत काळीच. ती सोय झोपेसाठी होती. बायको मात्र ती दार आपटून घ्यावं तशी वापरायची.

लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झाली होती. वायर काढली की थोडा वेळ तग धरायची आणि मान टाकायची. त्या जुन्या मॉडेलची नवी बॅटरी दुरुस्तीवाला मागवतच होता. त्यामुळे वायर कायम लावलेली. दांड्यावरून खाली, पलंगाच्या कडेनं, भिंतीतल्या प्लगपर्यंत. एका सकाळी बादली घेऊन वळताना मावशींचा पाय त्या वायरीत अडकला. वायरची पिन साधी होती, आत घट्ट बसलेली. ती सुटली नाही, लॅपटॉपच दांड्यावरून निखळून आला आणि त्याचा कोपरा तिच्या गालावर आपटला. तिला ओरडता आलं नाही. बादली मात्र जोरात पडली. पडदेवाले धावत आले तेव्हा तिच्या गालावरून रक्ताची बारीक रेघ कानाकडे चालली होती आणि ती छताकडे बघत होती.

त्याच दिवशी ते लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो तोंडात स्क्रू धरून काम करायचा, जसे पडदेवाले टाचण्या धरून.

"हे बघा काका," स्क्रू बाजूला ठेवत तो म्हणाला, "साधी पिन आत घुसते आणि धरून ठेवते. वायर ओढली गेली की लॅपटॉप मागे येतो, नाहीतर आतलं तोंड तुटतं. आणि ही चुंबकाची. हा एवढासा तुकडा लॅपटॉपच्या तोंडात कायमचा बसवायचा, दुसरा वायरीला. जवळ नेलं की आपसूक चिकटतं. कुणाचा पाय अडकला की सुटतं. लॅपटॉप जागचा हलत नाही."

"म्हणजे एक सोडत नाही आणि एक धरत नाही."

"संसारच आहे काका तो."

"सुटलं तर कळतं?"

"भारीतल्या पिनेला दिवा असतो. ही साधी आहे. पण तुम्ही असताच की घरी."

पडदेवाल्यांनी तो तुकडा बोटांवर फिरवून बघितला. चुंबकावर त्यांचा आधीपासून विश्वास होता. मशीनच्या पायाशी त्यांचं एक जुनं लोहचुंबक दोरीला बांधलेलं असायचं. दिवसभर टाचण्या गळायच्या, टेबलावरून, कापडातून, त्यांच्या शर्टाच्या छातीवरून, जिथं ते त्या ओळीनं खोचून ठेवत. संध्याकाळी ते चुंबक फरशीवरून ओढत नेलं की सगळ्या टाचण्या गोळा. आयुष्यात त्यांना दगा न दिलेल्या ज्या थोड्या वस्तू होत्या, त्यांत ते होतं. दुरुस्तीवाल्यानं पिन लावून दाखवली. टक्. त्यांना तो आवाज आवडला.

तिला आवडला नाही. पिन थोड्याशा धक्क्यानं निघायची. कूस बदलताना दांडा सरकवला की निघायची, चादर ओढली की निघायची. पडदेवाले समोरच असायचे, लगेच लावायचे. टक्. चार-पाच दिवस तिनं काढले. मग एका दुपारी, जेवण भरवून झाल्यावर, ती म्हणाली, "अहो. साधी पिन लावा."

त्या दिवशी पडदेवाल्यांच्या मागे घाई होती. एका दवाखान्याचे हिरवे पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. कड्या कमी पडल्या म्हणून त्यांनी सकाळी तिच्याच खिडकीचा पडदा उतरवून त्याच्या कड्या काढून घेतल्या होत्या. उद्या नव्या आणू, असा विचार.

"गालावर पडला होता तो," ते म्हणाले. "विसरलीस?"

अक्षर, अक्षर, अक्षर. ते थांबले. शर्टावरची एक टाचणी उगाच काढून परत खोचली.

"पडलं तर आवाज होतो," लॅपटॉप म्हणाला. "सुटलं तर कुणाला कळणार नाही."

"मी आहे ना इथं. कुठं जातोय मी?"

परत अक्षरं. बाहेर कुणीतरी रिक्षा वळवत होतं, ती वळून गेली तरी अक्षरं चालूच.

"तुम्ही मशीनवर असता."

हे त्यांना लागलं. का लागलं ते सांगता आलं नसतं. खरं होतं म्हणूनही असेल. "मग काय करू?" ते म्हणाले. "मशीन बंद करून तुझ्या तोंडाकडे बघत बसू?"

तिनं अक्षरांकडे नजर वळवली. पडदेवाले या वेळी थांबले नाहीत. त्यांनी दांडा बाजूला सरकवला, पिन नेहमीसारखी निघाली आणि चादरीवर पडली. वाकून त्यांनी तिला खिडकीकडच्या कुशीवर वळवलं, पाठीमागे उशी दिली, दांडा परत तोंडासमोर आणला, चादरीवरची पिन चाचपून उचलली आणि लावली. टक् झालं. स्क्रीन चालू होती. तिच्यावर अर्धा शब्द होता, तो त्यांनी वाचला नाही.

मशीनवर बसल्यावर त्यांनी पाय जोरात दाबला. हिरवं कापड सुईखालून जात राहिलं. मध्ये कधीतरी त्या घरघरीत त्यांना बारीक टुणकन असं काही ऐकू आल्यासारखं वाटलं. शेजारच्यांचा फोन असेल. थोड्या वेळानं पाय उचलून त्यांनी कान दिला. आत शांत होतं. मान लांब करून दारातून बघितलं तर स्क्रीन काळी.

लावलं वाटतं दार, त्यांच्या मनात आलं. लाव.

आणि खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटलं. आजारपणात राग हाच तिचा जुना अवयव शाबूत राहिला होता. एरवी मावशी, डॉक्टर, मुलगी, सगळे तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसे बोलत. तिच्याशी अजून नवऱ्यासारखं भांडणारे ते एकटेच होते. या अबोल्यात त्यांना आपलं घर ओळखीचं वाटलं.

दुपार कलली तसं ऊन खिडकीतून आत आलं. पडदेवाले पाणी प्यायला उठले आणि तिच्या दारात थांबले. ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं. तिनं डोळे गच्च मिटले होते. थोडं ऊन अंगावर घ्यावं असं डॉक्टर म्हणालेच होते, तेव्हा ते बरंच झालं. डोळे का मिटलेत, ते त्यांना कळलंच होतं. आपलं तोंड बघायचं नाहीये. ते पलंगाजवळ गेले तशी त्यांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली. तिनं डोळे उघडले.

त्यांनी खिडकीकडे बघितलं आणि खिडकीलाच सांगितलं, "कुणाला पाणी हवं असेल तर सांगावं."

डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं, तिनं डोळे वर छताकडे नेले. तिथंच ठेवले. खाली आणले आणि परत वर नेले.

वर बघणं म्हणजे हो. मुलीनं शिकवलं होतं, मावशींना येत होतं, त्यांनाही येत होतं. पण ती खूण वर्षभराची. त्याआधीची तीसेक वर्षं वर बघण्याचा अर्थ वेगळा होता आणि अबोल्यात पडदेवाल्यांच्या डोक्यात तीच जुनी भाषा चालायची. आता या माणसाला काय म्हणावं. नसेल प्यायचं तर नको, असं मनाशी म्हणत ते बाजूला झाले. सावली त्यांच्याबरोबर निघाली. दारातून त्यांनी वळून बघितलं तेव्हा तिचे डोळे परत मिटले होते.

नंतर ते मन लावून शिवत बसले. तीच म्हणेल "अहो, ऐकलंत का." नेहमीच म्हणते.

शेवटच्या पडद्याला कड्या टाचताना फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, आईचा निरोप नाही आला आज." लॅपटॉपवरून रोज दुपारी ती मुलीला एक ओळ पाठवायची.

"रुसलीय."

"काय केलंत?"

"मी काय करणार? ती चुंबकाची पिन नकोय तिला. स्क्रीन काळी करून बसलीय दुपारपासून."

"तुमच्याशी रुसली असेल," मुलगी म्हणाली. "पण मग मला का नाही पाठवलं? माझ्याशी कधी रुसते ती?"

पडदेवाल्यांनी फोन तसाच टेबलावर ठेवला. त्यातून मुलगी बाबा, बाबा करत राहिली आणि ते आत गेले.

पिन जागेवर होती. वरून बघितलं तर काही वावगं नव्हतं. त्यांनी खाली वाकून चार्जरच्या डब्यावर हात ठेवला. एरवी तो कोमट असायचा. आता फरशीसारखा गार होता. त्यांनी पिन ओढली. दोन तुकड्यांच्या मधोमध, चुंबकाला आडवी चिकटलेली, एक टाचणी होती. मोत्याच्या डोक्याची, पिवळी. तसल्या त्यांच्या शर्टावर ओळीनं खोचलेल्या होत्या, आणि ओळीत एक जागा रिकामी होती. ती कधी गळली हे आठवायची गरज नव्हती. वाकले तेव्हा चादरीवर पडली, पिनही तिथंच पडली होती, आणि चुंबकानं त्याचं काम केलं.

ऊन खिडकीवरून गेलं होतं. तिच्या कपाळाची आणि गालाची एक बाजू लालबुंद झाली होती. डोळ्यातून निघालेली ओलसर रेघ नाकावरून पलीकडे उतरून वाळली होती. ओठ चिकटलेले. त्यांनी चमच्यानं पाणी दिलं. तिनं गिळलं. परत दिलं, परत गिळलं. वाटी संपली तरी तिची नजर वाटीवरच होती, म्हणून ते धावत दुसरी घेऊन आले.

मग टाचणी काढून पिन लावली आणि लॅपटॉपचं बटण दाबलं. तो उठायला वेळ घेई. स्क्रीनवर एक पांढरं वर्तुळ फिरत राहिलं.

"टाचणी होती गं मधे," ते म्हणाले. "माझीच." भिंतीला नाही, तिला म्हणाले. आधी तोंड उघडायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि पुढे काय म्हणायचं ते त्यांना येत नव्हतं. "मला वाटलं, तू रागावलीयस."

वर्तुळ फिरत होतं. पुढच्या खोलीतला फोन केव्हाच बंद झाला होता.

अक्षरं आली. पडदेवाल्यांनी कपाटातून जुनी साधी पिन असलेली वायर काढून आणली. एका हातात ती, एका हातात चुंबकाची. मघापासून त्यांनी डोक्यात सगळं करून बघितलं होतं. साधी लावली तर पाय कुणाचाही अडकेल, त्यांचासुद्धा. चुंबकाची ठेवली तर या घरात टाचण्या कायमच गळणार. मशीन तिच्या खोलीत आणलं तर त्याच्या घरघरीत तिचं "अहो" ऐकू येणार नाही. मशीन बंद केलं तर खायचं काय. यातलं एक काहीतरी ती चूक म्हणेल, एकावर अडून बसेल, आणि मग ते ठरेल. इतकी वर्षं सगळं असंच ठरलं होतं.

"कुठली लावू?" त्यांनी विचारलं. "तू सांग. तू म्हणत होतीस तेच खरं होतं."

तिची नजर अक्षरांवरून फिरायला लागली. ते थांबले. या वेळी कितीही वेळ थांबायची त्यांची तयारी होती. शिव्या असतील तर शिव्या.

"तुम्ही लावाल ते," लॅपटॉप म्हणाला.

आधी "अहो" नव्हतं. टोकनचा नंबर पुकारावा तसा आवाज, त्यात राग नाही, काही नाही. पडदेवाल्यांना वाटलं, वाक्य अजून पुरं व्हायचं असेल.

"तसं नाही," ते म्हणाले. "तू सांग ना."

ती कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघत होती. परत अक्षरं जुळवायची गरज नव्हती. वाक्य तिथं तयारच होतं.

"तुम्ही लावाल ते."

तिनं आता स्क्रीन काळी करावी, चंद्राकडे बघावं, दार आपटावं, असं त्यांना फार वाटलं. ते तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. डोळे उघडे होते, त्यांच्याकडेच होते. टेबलापलीकडच्या खुर्चीत बसून ती हटून बसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघायची तसे, काही मनात न ठेवता.

पडदेवाल्यांनी खाली मान घातली. मग चुंबकाचे दोन्ही तुकडे काढून खिशात टाकले, साधी पिन आत ढकलली, आणि पक्की बसली का ते दोनदा ओढून बघितलं. पक्की बसली होती. उरलेली वायर हातात धरून, ती कुठून नेली तर कुणाचा पाय अडकणार नाही ते शोधत, ते तिथंच उभे राहिले.